तीन मिलिमीटरची पट्टी

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचे काम बहुतेक दरवर्षी माझ्याकडे येते. पुष्कळशा प्रतिकृती पुठ्ठ्याच्या, रंगीत कागदाच्या आणि मध्ये एखादा दिवा लावलेल्या असतात. दोन वर्षांपूर्वी मात्र एका टेबलापाशी मी जास्त वेळ रेंगाळलो. नववीतल्या दोन मुलींनी सागवानी पट्ट्यांचा पूल करून आणला होता. रेल्वेच्या लोखंडी पुलांना असते तशी त्रिकोणांची जाळी दोन्ही बाजूंना होती. लांबी ६० सेंटिमीटर, प्रत्येक त्रिकोणाची बाजू १० सेंटिमीटर, आणि पट्ट्या सगळ्या चौकोनी छेदाच्या, ३ मिलिमीटर बाय ३ मिलिमीटर. ३० मीटर लांबीच्या पुलाची ही एकास पन्नास या प्रमाणातली प्रतिकृती आहे, असे शेजारच्या तक्त्यावर लिहिले होते.

मुलींनी पुलाच्या मधोमध आकडा अडकवून पिशवी टांगली आणि तिच्यात एकेक वजन ठेवायला सुरुवात केली. एक किलो, दोन किलो, तीन किलो. चौथ्या किलोला ‘टक्’ असा आवाज झाला आणि पूल मध्येच खचला. एकीच्या डोळ्यांत पाणी आले. सोबतचे शिक्षक म्हणाले, ‘‘फेविकॉल वाळू दिला नसेल. घाई नडली.’’

मी मोडलेला पूल हातात घेतला. फेविकॉलचे सांधे सगळे जागच्या जागी होते. मोडली होती ती वरच्या बाजूची मधली पट्टी, तीही सांध्यापाशी नव्हे, दोन सांध्यांच्या मध्ये. तुटलेली टोके सरळ नव्हती, बोरूच्या टोकासारखी तिरपी होती. कॉलेजातून निघताना व्हर्निअर कॅलिपर पिशवीत टाकायची मला सवय आहे. त्याने पट्टी मोजली. एका टोकाला जाडी ३.१ मिलिमीटर होती, आणि जिथे मोडली तिथे २.५.

‘‘या पट्ट्या कुठून आणल्या गं?’’

‘‘सर, सॉ मिलमधून कापून आणल्या. तीन एमएमच सांगितल्या होत्या.’’

मिलवाल्याने फसवले नव्हते. जी करवत रोज दारांच्या चौकटी कापते, तिच्यासाठी अर्ध्या मिलिमीटरची चूक ही चूकच नव्हे. विद्यार्थी मित्रांनो, प्रतिकृती करताना आपण सारे काही पन्नासपट लहान करतो, पण करवत लहान होत नाही, तिची चूक लहान होत नाही, आणि लाकडाच्या अंगच्या गाठी आणि छिद्रेही लहान होत नाहीत. लहान पट्टी मिळवणे अवघड का जाते, याचे सगळे उत्तर यात आहे. तेच आता थोडे उलगडून पाहू.

अर्धा मिलिमीटर किती मोठा?

घरातली लाकडी किंवा प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या. ती दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मधोमध बोटाने दाबा. सहज वाकते. आता तीच पट्टी काठावर उभी धरून दाबा. पदार्थ तोच, वजन तेच, पण आता ती वाकायला तयार नाही. पट्टीची वाकण्याला विरोध करण्याची शक्ती, म्हणजे तिची दृढता, रुंदीच्या पहिल्या घाताच्या पण उंचीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात असते. समजा पट्टी ३ मिमी बाय ६ मिमी आहे. आडवी ठेवली तर रुंदी ६ आणि उंची ३, म्हणून ६ गुणिले २७, म्हणजे १६२. उभी ठेवली तर ३ गुणिले २१६, म्हणजे ६४८. बरोबर चौपट.

चौकोनी छेदाच्या पट्टीत रुंदी आणि उंची सारखीच, म्हणून दृढता बाजूच्या चौथ्या घाताबरोबर बदलते. ३ मिमीच्या जागी २.७ मिमी झाली, तर डोळ्यांना फरक कळणारही नाही. पण ०.९ चा चौथा घात ०.६६ येतो. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक दृढता गेली! आणि २.५ मिमी झाली तर निम्म्याहून थोडी कमीच उरते. हीच अर्ध्या मिलिमीटरची चूक ५० मिमीच्या वाशात झाली असती, तर दृढता जेमतेम चार टक्क्यांनी घटली असती. सुताराचे काहीच बिघडत नाही, आपले सगळे बिघडते.

पुलात याचा परिणाम कसा होतो? जाळीतल्या काही पट्ट्या ओढल्या जातात, काही दाबल्या जातात. लाकूड तंतूंच्या दिशेने ओढले तर फार बळकट असते. ३ मिमीची चांगली सागवानी पट्टी साठ-सत्तर किलोचा ओढ सहज सोसते. दाबली जाणारी पट्टी मात्र चिरडून मोडत नाही, ती मध्येच धनुष्यासारखी बाहेर झुकते आणि मग मोडते. फूटपट्टी टेबलावर उभी करून वरून दाबली की हेच दिसते. ही झुकण्याची मर्यादा कशी काढायची, ते लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ साली दाखवून दिले. ही मर्यादा दृढतेच्या सम प्रमाणात आणि लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. सागाची स्थितिस्थापकता दर चौरस मिलिमीटरला सुमारे ११,००० न्यूटन धरली, तर १० सेंमी लांबीच्या ३ मिमी पट्टीची मर्यादा सुमारे साडेसात किलो येते. तीच पट्टी २.५ मिमीची असेल तर ३.६ किलो.

मुलींच्या पुलाचे गणित मी टेबलावरच केले. मध्ये भार टांगला की वरच्या मधल्या पट्टीवर एकूण भाराच्या ०.८७ पट दाब येतो (भार दोन्ही बाजूंच्या जाळ्यांत वाटला गेला, हे यात धरले आहे). ३.६ ला ०.८७ ने भागा. सुमारे ४.१ येतात. पूल चौथ्या किलोला मोडला होता. बिचारा फेविकॉल निर्दोष होता.

छिद्रे, गाठी आणि तंतू

जाडी नेमकी असली म्हणजे झाले, असेही नाही. सागाच्या फळीचा आडवा काप भिंगाखाली पाहा. वर्षावलयांच्या कडेने बारीक भोकांच्या ओळी दिसतील. झाडाच्या मुळाकडून पानाकडे पाणी वाहून नेणाऱ्या या नळ्या. सागात मोठ्या नळ्यांचा व्यास पाव मिलिमीटरच्या आसपास, कधी थोडा जास्तही असतो. पलंगाच्या पायात त्यांना कोण विचारतो? पण २ मिमीच्या पट्टीत अशी एक नळी म्हणजे जाडीचा आठवा भाग पोकळ! गाठीचेही तेच. ३ मिमी व्यासाची गाठ तुळईत असली तर सुतार तिच्याकडे पाहतही नाही, आपल्या पट्टीत मात्र ती आली की त्या ठिकाणी लाकडाचे तंतू सलग उरतच नाहीत.

म्हणून लहान कामाला बारीक पोताचे लाकूड बरे. हेदूचे पिवळसर लाकूड मिळाले तर सोडू नका, त्याची छिद्रे साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. शिवण हलके असते आणि वाळल्यावर सहसा वाकडे होत नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांना पूर्वी पांगारा वापरत. तो कोरायला आणि रंगवायला सोपा, पण पुलाच्या पट्टीला फारच मऊ. साग पोताने जाड असला तरी तो सर्वत्र मिळतो, टिकतो आणि हवेतल्या ओलाव्याने फारसा फुगत नाही. त्यामुळे गाडी पुन्हा सागावरच येते. सागाच्या लाकडात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे हत्याराची धार मात्र लवकर जाते, हे आधीच सांगून ठेवतो.

‘कठीण लाकूड’ या शब्दाविषयी एक गंमत. वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या सपुष्प झाडांच्या लाकडाला कठीण लाकूड म्हणतात आणि देवदार, चीड अशा सूचिपर्णी झाडांच्या लाकडाला मऊ लाकूड. त्यात प्रत्यक्ष कठीणपणाचा काही संबंध नाही. विमानांच्या प्रतिकृतींना वापरतात ते बाल्सा नखाने टोचले तरी खड्डा पडेल इतके मऊ, घनमीटरला दीडशे किलोच्या आसपास वजनाचे. तरी शास्त्राने ते कठीण लाकूडच! १९४७ साली थॉर हायरडाल पॅसिफिक महासागर ओलांडून गेला तो कॉन-टिकी तराफा याच बाल्साच्या ओंडक्यांचा होता. सागाचे वजन घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरते.

फोडून पाहा, मग कापा

प्रदर्शनानंतरच्या रविवारी त्या दोघी माझ्याकडे आल्या. जिल्ह्याचे प्रदर्शन त्यांच्या हातून गेले होते, पण पूल पुन्हा करायचा होता. मी त्यांना आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडे घेऊन गेलो. काकांचे वय सत्तरीच्या पुढे, नजर अजून पक्की. मोडलेली पट्टी त्यांनी उजेडाकडे धरून नुसती फिरवली आणि म्हणाले, ‘‘सर, हिचा रेषा बाहेर गेलाय. ही मोडणारच होती.’’

सुतार ज्याला रेषा म्हणतात ते आपले तंतू. करवतीला तंतूंचे काही सोयरसुतक नसते. तुम्ही आखाल त्या रेघेवरून ती जाते, मग तंतू तिकडे जात असोत की नसोत. फळीत तंतू दहास एक या उताराने जात असतील, म्हणजे १० सेंमी पुढे जाताना १ सेंमी बाजूला सरकत असतील, तर वाकवताना मोडण्याची ताकद सुमारे वीस टक्क्यांनी कमी होते. पाचास एक असा उतार असेल तर ती जवळजवळ निम्म्यावर येते. शिवाय ७५ मिमीच्या वाशात दहास एक उताराचा तंतू ७५ सेंमीपर्यंत वाशाच्या आत राहतो. ३ मिमीच्या पट्टीत तो तीनच सेंटिमीटरमध्ये बाहेर पडतो! मग पट्टी मोडत नाही, चक्क फाटते. तुटलेले टोक बोरूसारखे दिसले, त्याचे कारण हे.

‘‘मग काका, रेषा ओळखायचा कसा?’’ एकीने विचारले.

काकांनी कोपऱ्यातला सागाचा एक तुकडा उचलला, फूटभर लांबीचा. त्याच्या टोकावर पटाशी ठेवली आणि मोगरीने एक ठोका दिला. तुकडा उभा फाटला. फाटीची कडा एका बाजूला झुकत गेली होती. ‘‘लाकूड फोडलं की ते खरं बोलतं,’’ काका म्हणाले. ‘‘कापलं की आपण म्हणू तसं ऐकतं.’’

कृती अशी. फळीच्या टाकाऊ कडेचा एक तुकडा फोडून पाहायचा. फाट कोणत्या दिशेने जाते ते पाहून फळीवर तिला समांतर रेघ आखायची आणि त्या रेघेवर कापायचे. फळीच्या कडेला समांतर आखायचे नाही. यात फळीचा एक त्रिकोणी कोपरा वाया जातो. जाऊ द्यावा. काकांनी असेही सांगितले, की फळीच्या रुंद बाजूवर तंतू सरळ दिसले तरी जाडीच्या बाजूवर ते तिरपे असू शकतात. दोन्ही बाजू पाहायच्या.

पट्ट्या मिळतात कुठे?

मुलींना वाटले होते तसे नवे लाकूड विकत घ्यायची गरज नाही. प्लायवूडच्या दुकानात काचा बसवायला आणि प्लायच्या कडा झाकायला सागवानी बिडिंगच्या पट्ट्या मिळतात. त्या बऱ्याच वेळा १२ मिमीच्या आसपास रुंद आणि ६ ते १० मिमी जाड असतात. पंचवीस-तीस पट्ट्या चाळून, प्रत्येक पट्टी डोळ्यापुढे बंदुकीसारखी धरून सरळ पाहून घेतली, तर त्यातल्या चार-पाच चांगल्या निघतात. दुकानदार कुरकुर करतो. त्याला प्रयोगासाठी हव्यात असे सांगावे, बहुतेक वेळा तो स्वतःच निवडून द्यायला लागतो.

त्याहून चांगला माल म्हणजे जुने लाकूड. एखादा वाडा पाडला की खिडक्यांचे गज, चौकटी, जिन्याचे कठडे जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. हे लाकूड पन्नास-साठ वर्षे उन्हापावसात राहिलेले असते. त्याला जे वाकायचे ते वाकून झालेले असते. आत मोडलेला खिळा लपला नाही ना, हे लोहचुंबक फिरवून आधी पाहावे. सुताराच्या कामाच्या जागी पडलेले फूट-दीड फुटाचे तुकडे तर फुकट मिळतात. ६० सेंमीच्या पुलातली सर्वांत लांब सलग पट्टी सोडली, तर बाकीच्यांना १० सेंमीचेच तुकडे लागतात. तेव्हा लांबीसाठी अडून बसायचे कारण नाही.

गोल पात्याच्या करवतीपासून दूर

आता एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. पट्टी कापण्यासाठी तुम्ही स्वतः कधीही यंत्राच्या करवतीजवळ जाऊ नका. मोठा माणूस कापत असला तरी तिच्या मागे-पुढे उभे राहू नका. २५ सेंमी व्यासाचे पाते मिनिटाला २९०० फेरे करत असेल, तर त्याच्या दाताचा वेग काढून पाहा. परीघ ०.७८५ मीटर, सेकंदाला सुमारे ४८ फेरे, म्हणजे सेकंदाला ३८ मीटर. तासाला १३७ किलोमीटर! वेगवान गोलंदाजाच्या चेंडूइतका. लाकूड सरळ सरकावे म्हणून पात्याशेजारी आडपट्टी लावतात. बारीक पट्टी कापली की ती या आडपट्टीच्या आणि पात्याच्या मधल्या चिंचोळ्या जागेत सापडते. पात्याच्या मागच्या बाजूचे दात वर येत असतात, ते तिला उचलतात आणि कापणाऱ्याच्या दिशेने भिरकावतात.

हे पुस्तकातले नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेसाठी पट्ट्या कापून घ्यायला मी एका मिलमध्ये गेलो होतो आणि उत्साहाने पात्यासमोर उभा राहिलो होतो. ‘सट्’ एवढेच ऐकू आले. कोपराखाली चार टाके पडले. पट्टी थोडी वर आली असती तर मी हा लेख एका डोळ्याने लिहीत असतो.

यंत्राच्या करवतीत तोटाही मोठा. तिचे पाते सुमारे ३ मिमी लाकूड खाते. १०० मिमी रुंदीच्या फळीतून ३ मिमीच्या पट्ट्या काढल्या तर १७ पट्ट्या निघतात आणि जवळजवळ अर्धी फळी भुसा होते. १ मिमी खाणाऱ्या हातकरवतीने त्याच फळीतून २५ पट्ट्या निघतील.

आम्ही केले ते असे

लोखंड कापायची साधी हॅक्सॉ घेतली. तिचे पाते लाकूड हळू कापते, पण खाच १ मिमीपेक्षा रुंद होत नाही आणि हाताला धोका कमी. १२ मिमी जाड फळीची एक कड काकांकडून रंध्याने साफ करून घेतली. कडेपासून ४ मिमीवर रेघ आखली. रेघेला लागून एक सरळ लोखंडी पट्टी शिकंज्याने आवळली आणि हॅक्सॉचे पाते त्या पट्टीला घासत चालवले. फळीच्या लांबीभर खाच हळूहळू खोल होत जाते आणि शेवटी ४ मिमी जाड, १२ मिमी रुंद अशी फीत सुटी होते. मग फळीची कड पुन्हा रंधून घ्यायची आणि दुसरी फीत कापायची. म्हणजे प्रत्येक फितीची एक बाजू रंधलेली, सपाट मिळते. हे विसरू नका, पुढचे सारे त्या सपाट बाजूवर अवलंबून आहे. तशा एका फितीतून नंतर दोन पट्ट्या निघतात.

कापल्याबरोबर काही पट्ट्या केळीच्या सालीसारख्या वाकल्या. मुली घाबरल्या. फळी अखंड असताना तिच्या अंगातले ताण एकमेकांना तोलून धरतात, ती चिरली की तोल जातो. अशा पट्ट्या बाजूला काढल्या. सरळ राहिलेल्या दोऱ्याने एकत्र बांधून, सपाट फळीवर, वर वजन ठेवून दोन आठवडे ठेवल्या. पाऊस असेल तर आणखी ठेवा.

आता उरले ४ मिमीचे नेमके ३ मिमी करणे. इथे मला स्वतःला मजा वाटली. ग्रिल बनवणाऱ्यांकडे २० मिमी रुंद, ३ मिमी जाड लोखंडी पट्टी मिळते. तिचे फूटभर लांबीचे दोन तुकडे घेतले, व्हर्निअरने सगळीकडे जाडी तपासली आणि ग्रॅनाइटच्या एका सपाट तुकड्यावर, मध्ये फटीइतके अंतर ठेवून, चिकटवले. झाले रूळ! लाकडी पट्टी सपाट बाजू खाली करून रुळांमध्ये ठेवायची आणि एका टोकाला सरकू नये म्हणून छोटा अडसर लावायचा. एका सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर चिकटवायचा, ठोकळा दोन्ही रुळांवर टेकेल इतका रुंद हवा. मग घासत राहायचे. लाकूड रुळांच्या पातळीला आले की कागद लोखंडावर चालू लागतो, आवाज बदलतो, आणि त्यानंतर लाकूड कमी होतच नाही. तुमचा हात कितीही अनाडी असो, जाडी रूळ ठरवतात. मग पट्टी एका बाजूवर वळवून पुन्हा तेच. नाकातोंडावर रुमाल नको, चांगला मास्क बांधा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीची नोंद कर्करोगकारक म्हणून केली आहे. सुतारकाकांचा जुना खोकला ऐकून मला ते नेहमी आठवते.

पट्टी तयार झाली की तिची परीक्षा घ्या. २० सेंमी अंतरावरच्या दोन आधारांवर ती ठेवून मध्ये १०० ग्रॅमचे वजन टांगा. ३ मिमीची चांगली सागवानी पट्टी सुमारे २.२ मिमी खाली वाकते. आमच्या काही पट्ट्या दोनच मिलिमीटर वाकल्या, काही तीन. वाकलेल्या लाकडात दोष नव्हता, पण त्यातले तंतू पुरेसे सरळ नसावेत. कमी वाकलेल्या पट्ट्यांवर पेन्सिलीने खूण केली आणि त्या दाबल्या जाणाऱ्या जागी, म्हणजे वरच्या बाजूला वापरायच्या ठरवल्या. जास्त वाकलेल्या ओढल्या जाणाऱ्या जागी चालतात. व्हर्निअर नसेल तर दहा पट्ट्या शेजारी शेजारी लावून एकूण रुंदी मोजण्याची युक्ती सांगतात, पण तिने फक्त सरासरी कळते. एक पट्टी जाड आणि एक बारीक असली तरी सरासरी तीनच येते, पूल मात्र बारीक पट्टीपाशी मोडतो.

त्या तक्त्याबद्दल

मुलींच्या तक्त्यावर आणखी एक वाक्य होते : प्रतिकृती चार किलो पेलते, म्हणून खरा पूल त्याच्या पन्नासपट भार पेलेल. हे मला खोडावे लागले. प्रत्येक माप पन्नासपट केले तर पट्टीच्या छेदाचे क्षेत्रफळ अडीच हजार पट होते, म्हणून भार पेलण्याची ताकद सुमारे अडीच हजार पट वाढते. पण पुलाचे स्वतःचे वजन मात्र सव्वा लाख पट होते! ताकदीच्या तुलनेत स्वतःच्या वजनाचा बोजा पन्नासपट जड झाला. गॅलिलिओने १६३८ साली लायडन येथे छापून घेतलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथाची सुरुवातच या प्रश्नाने केली आहे. व्हेनिसच्या गोदीत मोठे जहाज पाण्यात सोडताना कारागीर लहान जहाजापेक्षा जास्त आधार का लावतात? कारण मोठे जहाज स्वतःच्याच वजनाने मोडू शकते. तेव्हा प्रतिकृती उभी राहिली म्हणून खरा पूल उभा राहील, असे समजू नये. त्याच्या उलट मात्र खरे : प्रतिकृतीला स्वतःचे वजन जवळजवळ जाणवत नाही, म्हणून ती मोडली तर दोष आपल्या पट्ट्यांत किंवा सांध्यांतच शोधावा.

सहा आठवड्यांनी नवा पूल तयार झाला. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन टेबलांवर तो ठेवला. गणिताने त्याने साडेआठ किलो पेलायला हवे होते. चार किलोला मुलींनी श्वास रोखला. सहा झाले, आठ झाले. नऊ किलोला तो अजून उभाच होता, कारण प्रत्यक्षातले सांधे गणितात धरले त्याहून थोडे ताठ असतात. आणखी अर्धा किलो ठेवल्यावर पूल मोडला. मी पट्ट्या पाहिल्या. एकही मोडली नव्हती. या वेळी खालच्या बाजूचा एक सांधा उकलला होता आणि लाकडावर फेविकॉलचा पापुद्रा तसाच, काचेसारखा गुळगुळीत निघाला होता.

‘‘सर, या पट्ट्या घासून किती दिवस झाले होते, सांगू?’’ मोठी म्हणाली. ‘‘पंधरा.’’

सागात तेलकट द्रव्ये असतात, ती घासलेल्या पृष्ठभागावर हळूहळू येतात. ज्या दिवशी घासायचे त्याच दिवशी चिकटवायचे, हे मी सांगायला विसरलो होतो. तिसरा पूल आता सुरू आहे.